शाळेच्या चॅपेलमधलं कॅरिलॉन वादन: कुठे बसायचं, काय ऐकायचं, मनोऱ्यात काय चालतं

कांस्यनाद

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. पेनसिल्व्हेनियात मेरीलँडच्या सीमेजवळ मर्सर्सबर्ग अकॅडमी नावाची निवासी शाळा आहे, वॉशिंग्टनपासून साधारण 90 मैलांवर. तिथल्या चॅपेलच्या मनोऱ्यात 50 घंटांचं कॅरिलॉन आहे. चॅपेल राल्फ अ‍ॅडम्स क्रॅम या वास्तुविशारदाचं, 1926 सालचं, गॉथिक घडणीचं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या क्रॉयडनच्या गिलेट अँड जॉन्स्टन या कारखान्यातून 43 घंटा आल्या, बाकीच्या नंतर वाढवल्या.

कॅरिलॉन म्हणजे सुरात लावलेल्या, ओतीव कांस्याच्या किमान 23 घंटा आणि त्या एकाच माणसाने हातापायांनी वाजवायची यंत्रणा. 23 म्हणजे मधल्या कोमल-तीव्र स्वरांसकट जवळजवळ दोन सप्तकं. त्याहून कमी घंटा असतील तर त्याला चाइम म्हणतात. घंटा जागच्या हलत नाहीत. आतला लोलक तारेने ओढला जातो आणि घंटेच्या कडेवर आदळतो. वीज नाही, हवेचा भाता नाही, वादकाच्या हाताखालच्या लाकडी दांड्यापासून लोलकापर्यंत सरळ तारेचं नातं. म्हणून हळू-जोरात हे सगळं वादकाच्या हातात असतं. हे एवढं एक लक्षात ठेवून गेलात तर ऐकण्यात फार फरक पडतो.

वादन साधारण पाऊण ते एक तास चालतं. वेळापत्रक निघायच्या आधी शाळेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. ज्यांना या विषयातलं माहीत आहे त्यांनी भर घालावी.

निवांत

छान धागा. दोन साधे प्रश्न. चॅपेलच्या आत बसायचं की बाहेर? आणि लहान मुलं चालतात का?

कांस्यनाद

@निवांत, बाहेर. आत बसलात तर छत आणि दगडी भिंतींमधून फक्त खर्जाची घरघर येते, वरचे स्वर जवळजवळ गायब होतात. घंटांच्या मजल्यावर भिंतींत उभ्या फटी आणि तिरप्या झडपा असतात, आवाज तिथून बाहेर पडतो. त्यामुळे मान वर केल्यावर त्या झडपा दिसतील अशी जागा धरायची.

मनोऱ्याच्या पायथ्याशी बसू नये. तिथे मोठ्या घंटा अंगावर येतात, बारीक घंटा डोक्यावरून निघून जातात, आणि वरून दांड्यांची खटखटही ऐकू येते. मनोऱ्याच्या उंचीइतकं अंतर हे कमीत कमी, दुप्पट अंतर उत्तम. मनोरा 50 मीटर असेल तर 50 ते 100 मीटरवर सतरंजी टाका. मधे दुसरी इमारत नको, कारण तिच्या भिंतीवरून प्रतिध्वनी येतो आणि जलद ताना एकमेकींत मिसळतात. झाडं चालतात.

वाऱ्याकडे बघा. वारा मनोऱ्याकडून तुमच्याकडे येत असेल तर आवाज जमिनीकडे वाकतो आणि दूरवर नीट पोहोचतो. उलट बाजूला बसलात तर तोच आवाज वर उचलला जातो. संध्याकाळी जमीन निवू लागली की तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असा थर बनतो, आवाज खाली वळतो. बेल्जियममध्ये मेखेलनला येफ डेनाइन यांनी 1892 पासून सोमवारच्या संध्याकाळी मैफली सुरू केल्या. मोटारींचा गोंगाट नसलेल्या काळातही संध्याकाळच निवडली गेली, यात मला खूप शहाणपण दिसतं.

मुलं जरूर न्या. हिरवळीवर वादन असतं, मूल कंटाळलं तर उठून फिरवून आणता येतं. फक्त गाड्यांच्या जागेपासून आणि एसीच्या यंत्रांपासून लांब बसा. घडीच्या खुर्च्या आणि छत्री न्या. पाऊस आला तरी वादन सहसा चालू राहतं, कारण वादक छपराखाली असतो.

तारयंत्री

ऐकणाऱ्याला न दिसणारी बाजू मी लिहितो. वादन सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी वादक वर चढलेला असतो, तो तारा जुळवायला.

रचना अशी. वादकासमोर गोल लाकडी दांड्यांच्या दोन ओळी असतात, खालची शुद्ध स्वरांची, वरची पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांच्या स्वरांची. दांडा दीड-दोन इंच खाली जातो. खालच्या दीड-दोन सप्तकांच्या घंटांना पायांसाठी पेडलही असतात, ते त्याच दांड्यांना जोडलेले. दांड्याच्या टोकापासून एक उभी तार वर जाते. तिच्यात डोळ्यांच्या उंचीला टर्नबकल, म्हणजे दोन्ही टोकांना उलट आट्यांचा पेच. पुढे तार एका आडव्या फिरत्या दांडीला किंवा कोनी तरफेला जाऊन मिळते, तिथून दुसरी तार लोलकापर्यंत.

पोलादाची तार उन्हात लांबते. हिशोब करून बघा: स्टेनलेस स्टीलची 10 मीटरची तार 20 अंश तापली की साधारण साडेतीन मिलिमीटर लांबते. मनोऱ्याचा सांगाडाही थोडा लांबतो, पण दगड तारेपेक्षा फार सावकाश तापतो. आता बारीक घंटांमध्ये दांडा पूर्ण दाबल्यावर लोलक आणि घंटा यांच्यात एक-दोन मिलिमीटरच अंतर हवं असतं. म्हणजे सकाळी जुळवलेला दांडा दुपारी हाताला सैल लागतो.

जुळवायची पद्धत: दांडा अगदी सावकाश तळापर्यंत दाबून धरायचा. लोलक घंटेला न टेकता तिच्या अगदी जवळ थांबला पाहिजे. नंतर तोच दांडा थोड्या वेगाने मारला की उरलेलं अंतर लोलक आपल्या गतीने पार करतो, घंटेला शिवून लगेच मागे येतो. मोठ्या घंटांना हे अंतर जास्त ठेवतात, कारण जड लोलक जास्त लांब झेपावतो.

पेच जास्त कसला तर लोलक घंटेवर चिकटून राहतो. मग आवाज दबतो किंवा झर्रर्र अशी भुणभुण येते, कधी एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. पेच सैल राहिला तर हळू वाजवायची सोयच राहत नाही, हलका ठोका मारला की घंटा गप्प. श्रोत्याला वाटतं वादकाने स्वर गाळला. 50 घंटांच्या कॅरिलॉनमध्ये 50 पेच, आणि हे प्रत्येक वादनाआधी तपासायचं. मधल्या काळात ढग सरून ऊन आलं तर दोन रचनांच्या मधे उठून पुन्हा दोन-चार पेच फिरवायचे. दोन रचनांच्या मधली शांतता नेहमीपेक्षा लांबली तर बरेचदा कारण हेच असतं.

पिंगळा

आमच्या भागातल्या चर्चमध्ये दर तासाला धून वाजते ती यातलीच का? आणि मुंबईचा राजाबाई टॉवर?

तारयंत्री

@पिंगळा, खूपशा चर्चमध्ये वरती भोंगे लावलेले असतात आणि रेकॉर्ड केलेला किंवा इलेक्ट्रॉनिक आवाज येतो. ओळखायची खूण: प्रत्येक ठोका तंतोतंत सारख्या जोराचा असेल आणि खर्जाचा स्वर कानाला लागला तरी छातीत जाणवत नसेल तर तो भोंगा. खऱ्या घंटाही यंत्राने वाजवता येतात. पूर्वी खुंट्या बसवलेलं मोठं पिंप फिरायचं, आता विजेचे हातोडे असतात, आणि ते बाहेरून मारतात. त्यातही हळू-जोरात फारसं नसतं.

राजाबाई टॉवरमध्ये 16 घंटा आहेत आणि धून घड्याळाच्या यंत्रणेतून वाजायची. घंटांची संख्या 23 पेक्षा कमी, म्हणून काटेकोरपणे तो चाइम. पण सुरात लावलेल्या घंटांवर धून ही कल्पना मुंबईकरांच्या कानावर एकोणिसाव्या शतकापासून आहे, हे विसरायला नको.

दोरखंड

पुणेकरांसाठी एक भर. गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यात 8 घंटा आहेत, इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर कारखान्यातल्या, 1893 च्या. त्या कॅरिलॉनच्या नाहीत, इंग्लिश पद्धतीने पूर्ण गोल फिरवायच्या आहेत. तिथे प्रत्येक घंटेला चाक, चाकाला दोर, आणि एका दोराला एक माणूस. घंटाच तोंड वर करून पूर्ण फेरी फिरते, त्यामुळे ठोका हवा तेव्हा मारता येत नाही, थोडा मागे-पुढे करता येतो एवढंच. म्हणून त्यावर धून वाजत नाही, क्रम वाजतो. 8 घंटांचे क्रम 40,320 होतात. तिथे आठ माणसं आणि गणित, कॅरिलॉनमध्ये एक माणूस आणि राग-लोभ असलेलं संगीत. दोन्हींत घंटा सारख्याच, पण कला अगदी वेगळ्या.

कोमलगंधार

आता गाणं ऐकणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदा कॅरिलॉन ऐकणारे बरेच जण म्हणतात, "छान आहे पण बेसूर वाटतं." बेसूर नसतं. प्रत्येक घंटेच्या पोटात तिचा स्वतःचा कोमल गंधार असतो.

तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत कान दिला की स्वयंभू गंधार ऐकू येतो, आणि तो शुद्ध असतो. तारेचे उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे येतात आणि पाचव्यात शुद्ध गंधार बसतो. घंटा ही तार नाही, ते जाड-पातळ कांस्याचं वक्र कवच आहे. तिचे उपस्वर तिच्या आकारावर ठरतात. नीट लावलेल्या घंटेत पाच मुख्य स्वर असे असतात: ठोक्याचा स्वर 1 धरला तर तळाला 0.5 चा गुंजारव, मग 1, मग 1.2, मग 1.5, मग 2. यातला 1.2 म्हणजे कोमल गंधार, 1.5 पंचम (तो क्षीण असतो), 2 तार षड्ज. कोमल गंधार मात्र चांगला ठळक असतो आणि बराच वेळ टिकतो.

याचा परिणाम बघा. सा आणि शुद्ध ग एकत्र वाजवले की सा च्या घंटेतला कोमल ग आणि शेजारच्या घंटेचा शुद्ध ग एकमेकांना घासतात. पियानोवर गोड वाटणारा मेजर कॉर्ड (सा, शुद्ध ग, प एकत्र) इथे कडवट होतो. म्हणून जाणकार वादक असे कॉर्ड एकदम वाजवत नाहीत, एकेक स्वर मोकळा सोडतात, किंवा गंधार एक सप्तक वर नेतात. खर्जात तर तीन स्वर एकत्र जवळजवळ कधीच लावत नाहीत.

यातलं आणखी एक आश्चर्य म्हणजे ज्याला आपण घंटेचा "स्वर" म्हणतो तो बराचसा आपल्या कानाने घडवलेला असतो. वरचे काही उपस्वर 2:3:4 अशा प्रमाणात येतात, आणि मेंदू त्यांच्यावरून खालच्या 1 चा अंदाज बांधतो. ठोका पडताक्षणी तो स्वर ऐकू येतो, मग हळूहळू विरतो आणि उरतो तो खालचा गुंजारव. पहिल्या वादनात एवढंच करा: शेवटच्या मोठ्या घंटेनंतर टाळ्या वाजवायची घाई करू नका. मिनिटभर ऐका. आधी झणत्कार जातो, मग कोमल गंधार पातळ होतो, शेवटी फक्त एक सप्तक खालचा हूंकार उरतो.

भूपेश

@कोमलगंधार, मग भूप, देसकार वाजणारच नाहीत? सगळ्या भूपाळ्या गेल्या म्हणायच्या. कोमल गंधाराचे राग, म्हणजे भीमपलास किंवा मालकंस, घेतले की प्रश्न सुटेल ना?

कोमलगंधार

@भूपेश, मोह होतो, पण प्रश्न इतका सरळ नाही. कोमल गंधार फक्त सा च्या घंटेत नसतो. प्रत्येक घंटेत तिच्या स्वतःच्या स्वरापासून तेवढ्याच अंतरावर तो असतो. म्हणून थांबायचे स्वर कोणते, हे पाहावं लागतं.

सा च्या घंटेत कोमल ग. म च्या घंटेत कोमल ध. प च्या घंटेत कोमल नी. रे च्या घंटेत म. आता हे सगळे ज्या रागात आहेत तो शोधा: जौनपुरी. सा, रे, म, प यांवर कुठेही थांबा, घंटेच्या पोटातला स्वर रागातलाच निघतो.

भीमपलासात सा आणि प ठीक बसतात, पण वादी मध्यमावर लांब थांबलात की घंटा कोमल धैवत देते आणि राग शुद्ध धैवताचा. मालकंसात सा आणि म उत्तम, पण कोमल धैवतावर थांबलात तर घंटा शुद्ध निषाद दाखवते, आणि सा च्या घंटेतला क्षीण पंचम या पंचमवर्ज्य रागात शिरतो. भूपात गंधाराच्या घंटेत पंचम आणि धैवताच्या घंटेत षड्ज, हे दोन्ही रागातलेच. म्हणजे गंधारावर थांबणं गोडच लागतं. गोची होते ती खाली सा धरून वर ग लावल्यावर. तेव्हा भूपाळी वाजते, पण खालचा षड्ज ठेवायचा नाही, तो विरू द्यायचा आणि मग गंधारावर जायचं.

मींड नाही, आंदोलन नाही, हे तर उघडच आहे. दरबारी म्हणून सोडून द्यावा. स्वरही बारा ठरावीक, पेटीसारखेच. ज्यांना पेटीवरचा गंधार खटकतो त्यांना इथे तो खटकेलच, पण कॅरिलॉनकडून मींड मागणं म्हणजे संतूरकडून श्वास मागण्यासारखं आहे. त्याचं बळ गुंजारवात आहे.

कासारआळी

धातूबद्दल लिहितो. घंटेचं कांस्य म्हणजे साधारण 78 ते 80 टक्के तांबं आणि 20 ते 22 टक्के कथील. आपलं कासं त्याच प्रमाणाचं, ज्याच्या वाट्या तळपाय घासायला वापरतात आणि ज्याचे टाळ बनतात. कथील याहून वाढवलं तर धातू काचेसारखा ठिसूळ होतो, कमी केलं तर नाद मंद होतो.

घंटा मुद्दाम जराशी जाड ओततात, कारण सूर लावताना धातू काढता येतो, घालता येत नाही. थंड झाल्यावर ती उलटी करून उभ्या लेथवर बसवतात आणि आतून एकेक पट्टा खरवडतात. कोणत्या उंचीचा पट्टा खरवडला त्यावर पाचांपैकी कोणता स्वर किती उतरतो हे ठरतं. एका पट्ट्याने दोन-तीन स्वर एकदम हलतात, त्यामुळे पाचही जागेवर आणणं हे कौशल्याचं काम. एकदा जास्त खरवडलं तर ती घंटा वितळवून पुन्हा ओतायची.

हे तंत्र 1640 च्या दशकात नेदरलँड्समधल्या झुट्फेनला फ्रान्स्वा आणि पीटर हेमोनी या बंधूंनी, अंध संगीतज्ञ याकोब फान आइक यांच्या मदतीने साधलं. नंतर ते जवळजवळ लुप्त झालं आणि 1890 च्या दशकात इंग्लंडमध्ये पुन्हा जमलं. 1926 ची मर्सर्सबर्गची घंटा ही त्या पुनर्जन्मानंतरच्या पहिल्या काही दशकांतली. ऐकताना हे मनात असू द्या.

एकदा लावलेली घंटा तानपुऱ्यासारखी उतरत नाही. सूर शतकानुशतकं टिकतो. बारीक घंटांचा मात्र प्रदूषणाने पृष्ठभाग झिजतो आणि पातळ कवचात तेवढ्यानेही फरक पडतो.

वजनाचा हिशोबही मजेदार आहे. सारख्याच घडणीत एक सप्तक खाली जायला व्यास दुप्पट आणि वजन आठपट लागतं. म्हणून खर्जाच्या दोन-तीन घंटाच सगळ्या वजनाचा मोठा हिस्सा असतात, आणि पैसे वाचवायला पूर्वी खर्जातले एक-दोन कोमल स्वर ओतायचेच नाहीत. पूर्ण चार सप्तकांना 49 घंटा लागतात, 47 घंटांची कॅरिलॉनं खूप दिसतात ती याचमुळे. शिकागोच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये 72 घंटा आहेत, त्याही क्रॉयडनच्याच, 1932 च्या, आणि सगळ्यांचं मिळून वजन सुमारे 100 टन.

आणि हो, 1739 ला वसई घेतल्यावर चिमाजी अप्पांच्या फौजेने आणलेल्या पोर्तुगीज घंटा आपल्या देवळांत टांगल्या आहेत, नाशिकच्या नारोशंकराची आणि भीमाशंकरची त्यांपैकीच. त्या याच घडणीच्या ओतीव घंटा, फक्त लेथवर सुरात लावलेल्या नाहीत. कडेला जाड ओठ, वर निमुळता खांदा. कोमल गंधाराची चव कळायला मर्सर्सबर्गच गाठायला हवं असं नाही. ठोका ओसरल्यावर अशा घंटेजवळ कान नेऊन उभे राहा.

तारयंत्री

@कासारआळी, उत्तम. लोलकाबद्दल माझ्याकडून जोड. लोलक घंटेपेक्षा मऊ असायला हवा, नाहीतर घंटा झिजते. मोठ्या घंटांना मऊ लोखंडाचा लोलक असतो. वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून त्यावर चपटा ठसा पडतो. गोल पृष्ठभाग घंटेला एका बिंदूवर शिवतो, चपटा पृष्ठभाग पसरून शिवतो, आणि आवाज कर्कश, पत्र्यासारखा येतो. सगळ्यात आधी हे मधल्या आणि बारीक घंटांत कळतं, कारण त्या जास्त वाजतात. उपाय सोपा: लोलकाचा गोळा थोडा फिरवून नवी बाजू समोर आणायची, फिरत नसेल तर कानसीने पुन्हा गोलाई द्यायची. घंटेवर ठोक्याची खाच पडली असेल तर घंटाही पाव फेरी फिरवून बसवतात.

वादनात खट्-खट् आवाज येत असेल तर दांड्यांच्या वाटांतलं फेल्ट (लोकरीचं जाड कापड) झिजलंय. दमट हवेत लाकूड फुगून दांडा वाटेत अडकतो, दाबला की वर येतच नाही. कबुतरांची विष्ठा तारांच्या जोडांवर पडली की ते गंजतात, म्हणून झडपांच्या आत जाळी हवीच. कडाक्याच्या थंडीत लोलकाच्या बिजागरीत बर्फ धरतं.

वादनाच्या मधेच तार तुटली तर? तो दांडा एकदम हलका होतो, हात खाली आदळतो. वादक ती घंटा सोडून पुढे जातो, शक्य तिथे तोच स्वर वरच्या सप्तकात घेतो, आणि पुढची रचना त्या घंटेशिवाय निभणारी निवडतो.

वाचतेय

वाजवतात कसं हे कोणी सांगेल का? चित्रात मुठी आवळून मारताना दिसतात. फार ताकद लागत असेल.

कांस्यनाद

@वाचतेय, मूठ सैल मिटलेली असते, आणि करंगळीच्या बाजूने दांडा खाली नेतात. वरून घाव घालायचा नसतो. हात दांड्याला टेकलेला किंवा अगदी जवळ असतो आणि शेवटच्या टप्प्यात वेग दिला जातो. आवाज त्या वेगाने ठरतो. अतिशय हळू वाजवायचं तर दांडा आधीच बहुतेक खाली नेऊन ठेवायचा आणि उरलेल्या थोड्या अंतरात हलकीशी गती द्यायची. बारीक घंटांचे दांडे बोटांनीही चालतात, बोटं पसरून एका हाताने दोन स्वर घेता येतात. मोठ्या घंटांना पाय लावायचे, मांडीचं वजन वापरायचं. ताकदीपेक्षा नेम आणि सैल खांदा लागतो. म्हणूनच शाळेतली मुलं शिकू शकतात.

शिकणारे आधी सरावाच्या कीबोर्डवर बसतात. दांडे तसेच, पण तारांच्या टोकाला धातूच्या पट्ट्या. कारण उघड आहे, मनोऱ्यात चुकलं की गावभर ऐकू जातं. जोडे अरुंद आणि पातळ तळव्याचे, नाहीतर एका पावलाखाली दोन पेडल येतात.

इंग्लंडमधल्या बोर्नव्हिलचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. चॉकलेटवाल्या जॉर्ज कॅडबरींनी बेल्जियममधल्या ब्रुज शहरात कॅरिलॉन ऐकलं आणि 1906 मध्ये आपल्या कामगार-वसाहतीतल्या शाळेच्या इमारतीवरच ते बसवलं. आता तिथे 48 घंटा आहेत. शाळा आणि कॅरिलॉन यांचं नातं असं जुनं आहे.

सोनचाफा

आपल्याकडची एखादी धून द्यायची असेल, समजा दिवाळीच्या सुमारास, तर काय तयारी लागेल?

कोमलगंधार

@सोनचाफा, वादकाला नुसता व्हिडिओचा दुवा पाठवून होत नाही. आधी त्यांच्याकडून घंटांची यादी मागा: खालचा स्वर कोणता, कोणत्या घंटा नाहीत, पेडल कुठपर्यंत, आणि वाद्य मूळ पट्टीत आहे की सरकवलेलं. खूपशा कॅरिलॉनमध्ये C चा दांडा दाबला तर ऐकू येणारा स्वर C नसतो.

मग धून निवडा. सावकाश ते मध्यम लय, दीड सप्तकात मावणारी, एका स्वरावर थांबणारी. ओवी, भूपाळी, पाळणा उत्तम. दादरा-केरव्यातलं भरगच्च काम नको. घंटांना दाबपट्टी नसते, वाजलेला स्वर थांबवता येत नाही, आणि खर्ज तर पुढच्या कित्येक आवर्तनांत घुटमळत राहतो.

लिहिताना दोन ओळी: वरची हातांची, खालची पायांची. धून मधल्या-वरच्या घंटांत ठेवा. खर्जाचा ठोका फक्त समेवर, तोही प्रत्येक समेवर नको, एकाआड एक. तानपुऱ्यासारखा सा-प सतत वाजवायचा मोह टाळा, चार मात्रांत सगळं गढूळ होतं. लांब स्वर टिकवायचा असेल तर दोन हातांनी तोच स्वर झरझर वाजवतात, मेखेलनच्या परंपरेत हे फार आहे. पण तेही कडव्यात एकदाच शोभतं.

स्वरलिपी पाश्चात्त्य लिपीत, हाताने लिहिलेली असली तरी स्वच्छ. सोबत गाऊन रेकॉर्ड केलेली धून द्या म्हणजे वजन कुठे आहे ते वादकाला कळेल. निदान दोन-तीन महिने आधी द्या.

फितवाला

रेकॉर्डिंगसाठी थोडक्यात: फोनच्या माइकवर फोमची टोपी किंवा निदान पातळ रुमाल, नाहीतर वाऱ्याची फडफडच येते. आपोआप आवाज वाढवणं-कमी करणं बंद करा. ते चालू राहिलं तर मोठ्या घंटेनंतर सगळं दबतं आणि विरतानाचा गुंजारव कृत्रिम फुगतो. फोन हातात धरू नका, छोट्या तिपाईवर ठेवा. अंतर ऐकायला चांगलं तेच रेकॉर्डिंगलाही चांगलं.

निवांत

सगळ्यांचे आभार, एवढं सगळं एका जागी मिळालं. शेवटचा प्रश्न: वादकाला टाळ्या ऐकू जातात का?

कांस्यनाद

@निवांत, वाजवताना नाही. वादकाची खोली घंटांच्या खाली बंदिस्त असते, कानाला संरक्षण म्हणून आणि खालच्या तारांना वारा लागू नये म्हणून. काही ठिकाणी तिथून बाहेरचं काही दिसतही नाही. वादन संपल्यावर वादक जिने उतरून खाली येतो, तेव्हा दाराशी थांबा आणि तिथे टाळ्या द्या. मनोरा दाखवतात का हे त्याच वेळी विचारा. वर जायचं ठरलं तर बंद बूट घाला, दोन्ही हात मोकळे ठेवा, आणि घंटांच्या मजल्यावर तारांना हात लावू नका. तिथल्या एका तारेला चुकून धक्का लागला तर वादकाने तासाभरापूर्वी जुळवलेला पेच पुन्हा जुळवावा लागतो.